कान तपासणी शिबिर भरवणाऱ्या ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि शिबिरं ठरवणारी समस्त उत्साही मंडळी,
महाराष्ट्रातले सगळे ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार,

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, तुमच्यातले बरेच जण मला "कानाच्या मशीनवाल्या मॅडम" म्हणतात, ते चालतं मला. फेब्रुवारी लागला की संघांचे फोन सुरू होतात, मॅडम ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो ना, आमच्याकडे मोफत कान तपासणी ठेवायचीय, दोनच तास द्या. मी देत आलेय आणि यापुढेही देईन, पण आता काही अटी आहेत, आणि त्या एकेका सचिवांना फोनवर समजावत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच लिहावं म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

मुद्दा आधीच सांगून टाकते. वयामुळे ऐकू कमी येणं ही निव्वळ कानाची गोष्ट आहे असं धरून आपण शिबिरं घेतो आणि तिथेच गडबड होते. कानाकडून आवाज अर्धवट यायला लागला की मेंदू स्वस्थ बसत नाही, तो आपल्या कामाची वाटणी बदलतो, कुठला भाग कुठल्या भागाशी जोडून काम करणार हे बदलतं, आणि ते ऑडिओग्रामच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख असतो त्या कागदावर दिसत नाही. म्हणून पाच मिनिटांची तपासणी आणि एक मशीन एवढ्यावर विषय संपत नाही, पुढचे कितीतरी महिने लागतात, आणि त्या महिन्यांत जे सगळ्यात जास्त लागतं, म्हणजे रोज चार माणसांत बसून बोलणं, ते माझ्या क्लिनिकमध्ये नाहीये, तुमच्या संघात आहे.

आता शिबिर कसं असतं ते आपल्या सगळ्यांना माहितीय. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, डोक्यावर पंखा खडखडतोय, खिडकीखाली रिक्षा स्टँड, बाजूच्या टेबलावर शुगर-बीपी आणि तिथे गप्पा रंगलेल्या, आणि या सगळ्यात मी काकांच्या कानावर हेडफोन ठेवून म्हणते की बारीक बीप ऐकू आली की बटण दाबा. बीप २० डेसिबलची, हॉलमधला कालवा ६० च्या घरात. काकांचे कान ठणठणीत असले तरी कागदावर ते कमीच दिसणार. रांगेत अजून तीस जण उभे, माईकवरून कोणीतरी "नाश्ता तयार आहे" सांगतंय. मग कागद हातात पडतो, शेजारीच विक्रेत्याचं टेबल असतं, बहुतेक वेळा त्यानेच नाश्त्याचा खर्च उचललेला असतो, आणि "आजच्या दिवस निम्मी किंमत" ऐकून मशीन घेतलं जातं. दिवाळीत मुलगा विचारतो बाबा मशीन कुठंय, तर ते कपाटातल्या ड्रॉवरमध्ये, डबीत, सेल गळून पांढरा झालेला. मी हे इतक्या घरांत बघितलंय की आता त्या ड्रॉवरचाही अंदाज येतो, चष्म्याच्या जुन्या केस, रबरबँड आणि विजेच्या बिलांच्या खाली.

तर कानापासून सुरू करते, थोडक्यात. आतल्या कानात कॉक्लिआ नावाची वेटोळी नळी असते, तिच्यात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात, प्रत्येक कानात बाहेरच्या रांगांमध्ये साधारण १२ हजार आणि आतल्या रांगेत साडेतीन हजार. बाहेरच्या पेशींचं काम बारीक आवाज मोठे करायचं, आतल्यांचं काम ते नसेमार्फत मेंदूला कळवायचं. वयानुसार या पेशी मरतात, आयुष्यभराच्या गोंगाटाने अजून लवकर मरतात, आणि माणसात त्या परत येत नाहीत. आधी जातात त्या नळीच्या तोंडाशी असलेल्या, ज्या तीक्ष्ण आवाज पकडतात. आता मराठीत बघा, स्वर म्हणजे आ, ए, ओ हे जाड आवाजात असतात ते शाबूत राहतात, पण स, श, फ, थ यांची ओळख वरच्या पट्टीत असते, स तर ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर. ते गेलं की "सात वाजता ये" मधला स उडतो आणि काका आठला हजर होतात, आणि घरी भांडण की मी सांगितलं होतं, तू सांगितलंच नव्हतंस. म्हणूनच "ऐकू येतं पण कळत नाही" ही तक्रार खरी असते, ते बहाणा करत नसतात. आणि अजून एक, काकू म्हणतात "जरा मोठ्याने बोल गं", सून मोठ्याने बोलते, की लगेच "ओरडतेस कशाला!" याच्यावर घराघरात रुसवेफुगवे होतात, पण हा स्वभाव नाहीये हो, बाहेरच्या पेशी गेल्या की बारीक आवाज ऐकूच येत नाहीत आणि मोठे एकदम अंगावर येतात, मधली जागाच आक्रसते. हे एवढं जरी तुमच्या मासिक सभेत सांगितलंत तरी चार घरांतलं वातावरण सुधारेल.

आता मेंदू. कान फक्त माल पाठवतो, अर्थ लावायचं काम डोक्यात होतं, कानशिलाच्या आत टेम्पोरल लोब म्हणून जो भाग आहे तिथल्या श्रवण कॉर्टेक्सपासून सुरुवात होते. २०११ मध्ये जोनाथन पील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्कर लोकांना एमआरआयमध्ये झोपवून अवघड रचनेची वाक्यं ऐकवली, तर ज्यांचं ऐकणं कमी त्यांच्या श्रवण भागात हालचाल कमी दिसली आणि तिथला करडा भाग, म्हणजे मेंदूच्या पेशी दाटलेल्या असतात तो थर, तोही कमी भरला. ही कर्णबधिर म्हणावीत अशी माणसं नव्हती, वयाच्या मानाने बरंच ऐकू येणारी होती. म्हणजे आपण "एवढं काही नाही, चालतंय" म्हणतो त्या पायरीवरच फरक दिसायला लागतो.

श्रवण भाग कमी पडला की मदतीला कोण येतं, तर मेंदूचे कपाळामागचे भाग, म्हणजे लक्ष देणं, आठवणीत धरून ठेवणं, अंदाज बांधणं हे ज्यांचं मूळ काम आहे ते. ऑफिसातला टायपिस्ट लांब रजेवर गेला आणि साहेबच टायपिंग करत बसला तर पत्रं निघतात खरी, पण साहेबाचं स्वतःचं काम टेबलावर पडून राहतं, तसंच होतं हे. काका व्याख्यान पूर्ण ऐकतात, मान हलवतात, योग्य जागी हसतातही, आणि घरी आल्यावर काय सांगितलं विचारलं की "चांगलं बोलला हो" याच्यापुढे काही नाही. शब्द पकडण्यातच सगळी ताकद गेली, साठवायला काही उरलंच नाही. यालाच ऐकण्याचे कष्ट म्हणतात, आणि ते मोजताही येतात, अवघड ऐकताना डोळ्याची बाहुली मोठी होते त्यावरून. लग्नाच्या हॉलमधून आल्यावर काकू दोन तास आडव्या होतात आणि सगळे म्हणतात वय झालं, पण पायऱ्या चढून नाही दमल्या त्या, बोलणी ऐकून दमल्यात. मग पुढच्या वेळी "तुम्ही जा, मी घरीच बरी".

दुसरा बदल मला स्वतःला फार इंटरेस्टिंग वाटतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात अनु शर्मा म्हणून संशोधक आहेत, त्यांनी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून बघितलं की डोळ्यांसमोर चित्र हललं तर मेंदूचे कुठले भाग जागे होतात. ज्यांचं ऐकणं सौम्य ते मध्यम कमी झालं होतं त्यांच्यात ऐकण्यासाठी राखीव असलेले भागही बघण्याच्या कामाला लागलेले दिसले. म्हणजे रिकामी पडायला लागलेली जागा शेजारच्याने वापरायला घेतली. याचा फायदाही असेल, ओठ वाचायला मदत होत असेल, कोविडमध्ये सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की आपण डोळ्यांनी ऐकत होतो. पण ज्यांच्यात हा कब्जा जास्त त्यांना गोंगाटात बोलणं समजायला जास्त जड जात होतं. त्याच गटाने पुढे २०२० मध्ये छापलं की अशा लोकांना नीट जुळवलेली मशीनं सहा महिने रोज वापरायला दिली तर ही वाटणी बरीचशी पूर्ववत झाली, आणि विचारशक्तीच्या काही चाचण्यांतही सुधारणा दिसली. गट छोटा होता हे लक्षात ठेवा, पण दिशा महत्त्वाची. मेंदू बदलतो तसा परतही वळतो, पासष्टीतही.

आणि आता जाळ्यांबद्दल, कारण सध्या सगळ्यात जास्त काम यावरच चाललंय. १९९५ मध्ये भारत बिस्वाल या संशोधकाने दाखवलं की माणूस एमआरआयमध्ये काहीही न करता नुसता पडून असला तरी मेंदूचे काही भाग एकाच लयीत वर-खाली होत असतात, अगदी संथ, दहा सेकंदांत एक लाट यापेक्षाही सावकाश. जे भाग एका लयीत ते एका जाळ्यातले. मग २००१ मध्ये मार्कस रेशल यांच्या गटाने एका जाळ्याला डीफॉल्ट मोड नाव दिलं. आपण काही करत नसतो, गच्चीत बसून गावाकडचं आठवत असतो, उद्याचं ठरवत असतो, तेव्हा हे जाळं चालू असतं, आणि समोर काम आलं, कोणी बोलायला लागलं की ते मागे सरतं आणि लक्ष देणारी जाळी पुढे येतात. ही पुढे-मागे सरकायची सवय जितकी चोख तितकं डोकं तल्लख. वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्यांचे असे स्कॅन गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ झाले, त्यातले बरेच चीनमधले, आणि त्यांत श्रवण भागाचे बाकीच्या मेंदूशी असलेले दुवे, डीफॉल्ट जाळ्यातले आपसातले दुवे आणि लक्ष देणारी जाळी यांत फरक दिसलेत, आणि काही अभ्यासांत ते फरक स्मरणशक्तीच्या आणि विचार करण्याच्या चाचण्यांच्या गुणांशी जोडलेले निघाले. डीफॉल्ट जाळं हेच अल्झायमरमध्येही लवकर बिघडणारं जाळं आहे, म्हणून संशोधकांचे कान टवकारले. जाता जाता एक गंमत, हे सगळं मोजणारं एमआरआय मशीनच इतकं धडाडधूम वाजतं की आवाज १०० डेसिबलच्याही वर जातो, कमी ऐकणाऱ्यांना कानात बोळे घालून झोपवावं लागतं आणि मग त्यांच्या ऐकण्याचा अभ्यास करायचा.

पण इथे मी थोडा ब्रेक मारते, कारण संघाच्या ग्रुपवर हे वाचून उद्या "बहिरेपणाने मेंदू सडतो" असा फॉरवर्ड फिरायला नको. हे बहुतेक अभ्यास लहान गटांवरचे आहेत, एकात दुवे घटलेले दिसतात तर दुसऱ्यात तिथेच वाढलेले, आणि जवळजवळ सगळे एकदाच काढलेल्या फोटोसारखे, म्हणजे आधी काय झालं आणि नंतर काय हे त्यातून ठरत नाही. वय वाढलं की ही जाळी तशीही थोडी सैल होतातच. शिवाय कान आणि मेंदू दोघांनाही एकच तिसरी गोष्ट पोखरत असू शकते, बीपी, डायबेटीस, बारीक रक्तवाहिन्या. त्यामुळे कमी ऐकण्याने मेंदू बदलतो, की दोन्ही एकत्र घसरतात, की माणूस एकटा पडतो म्हणून घसरतो, याच्यावर अजून वाद आहे, आणि माझं मत विचाराल तर तिन्ही थोडं थोडं खरं असणार.

आता डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये ६३९ लोकांचा अभ्यास छापला, ज्यांना बरीच वर्षं फॉलो केलं होतं. ऐकण्यात सौम्य घट असलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण दुप्पट, मध्यम घट असलेल्यांत तिप्पट आणि तीव्र घट असलेल्यांत जवळपास पाचपट निघालं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात कमी ऐकणं ७ टक्क्यांसह कोलेस्टेरॉलच्या बरोबरीने सगळ्यात वर आहे. हा आकडा पूर्ण लोकसंख्येतल्या डिमेन्शियापैकी कमी ऐकण्याच्या वाट्याचा असतो बरं का, तुमच्या काकांना ७ टक्के धोका असा अर्थ नाही. आणि मग मोठी परीक्षा झाली, अचीव्ह नावाची ट्रायल, २०२३ मध्ये निकाल आला. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, अर्ध्यांना नीट बसवलेली मशीनं आणि समुपदेशन, अर्ध्यांना नुसतं आरोग्याबद्दलचं मार्गदर्शन, तीन वर्षं. सगळे मिळून बघितलं तर विचारशक्तीच्या घसरणीत फरकच नाही आला. हो, नाही आला, हे विक्रेते सांगत नाहीत तुम्हाला. पण त्यातला जो गट आधीपासून जास्त जोखमीचा होता, जास्त वयाचा, बीपी-शुगरवाला, त्यांच्यात मशीनमुळे घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे "मशीन लावा नाहीतर वेड लागेल" हे पोस्टर खोटं आहे, आणि "म्हाताऱ्या माणसाला कशाला हवंय आता मशीन" हेही खोटं आहे. अशी भीती घालणारं पोस्टर कोणी हॉलमध्ये लावायला आणलं तर कृपा करून लावू देऊ नका.

त्याच ट्रायलमधला अजून एक निकाल मला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षांनी मशीनवाल्या गटाने आपल्या गोतावळ्यातला सरासरी एक माणूस जास्त टिकवून ठेवला होता. एक माणूस म्हणजे काय फार असं वाटेल, पण पंच्याहत्तरीत रोज फोन करणारा, कट्ट्यावर जागा धरून ठेवणारा एक माणूस म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मशीन लावल्यावर काय होतं तेही ऐका, कारण ड्रॉवरची गोष्ट इथेच घडते. इतकी वर्षं जे बारीक तीक्ष्ण आवाज मेंदूकडे येतच नव्हते ते एका दिवसात सगळे आत शिरतात. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कानात कर्रकर्र, स्टीलची भांडी घासली की जीव नकोसा, स्वतःचंच बोलणं घुमतं, बाथरूमचा नळ म्हणजे धबधबा. गाळून घ्यायची सवयच मोडलेली असते, त्यात वयाबरोबर मेंदूच्या श्रवण मार्गात आवाज दाबून धरणारी रसायनं, मुख्यतः गाबा, कमी होतात, म्हणून नको तो आवाज मागे ढकलणं आणखी कठीण. तिसऱ्या दिवशी काका मशीन काढतात आणि म्हणतात "नुसता कलकलाट आहे, बोलणं काही कळत नाही", आणि ते बरोबरच असतं त्या तिसऱ्या दिवशी. यावर उपाय एकच, पहिल्या आठवड्यात घरात शांत खोलीत, एका माणसाशी, मग दोघांशी, मग टीव्ही, मग बाजार, मशीन दोन-तीनदा परत जुळवून घ्यायचं, आणि वापर रोज, झोपेचे तास सोडून जवळपास दिवसभर. लग्नाला जाताना घालायचा तो दागिना नाही. जो माणूस फक्त कार्यक्रमाला मशीन लावतो तो मेंदूला सगळ्यात अवघड पेपर बिनअभ्यासाचा देतो आणि मग नापास झाला की मशीनला शिव्या घालतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मशीनची गरज पडल्यापासून ते प्रत्यक्ष घेईपर्यंत सरासरी जवळपास ९ वर्षं गेलेली निघाली, म्हणजे ज्या मेंदूने नऊ वर्षं वेगळी वाटणी केली त्याला आपण तीन दिवस देतो.

पैशाचं बोलायचं तर, केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना त्यातून श्रवणयंत्रं मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या, ठरलेल्या उत्पन्नमर्यादेतल्या लोकांच्या खात्यात ३००० रुपये येतात. त्यात चष्म्यापासून कमोड खुर्चीपर्यंत सगळंच बसवलंय. योजना वाईट नाहीत, पण ३००० मध्ये त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे जुळवलेलं डिजिटल मशीन येत नाही, आणि जुळवणं आणि परत परत तपासणं याचा तर त्यात हिशोबच नाही. शासनाकडे निवेदनं देता ना तुम्ही, एसटीच्या सवलतीसाठी देता, पेन्शनसाठी देता, तर पुढच्या निवेदनात एक ओळ घाला की नुसतं यंत्र नको, सहा महिन्यांचा फॉलोअप धरून पैसे द्या, आणि जिल्हा रुग्णालयात ऑडिओलॉजिस्टची जागा भरलेली ठेवा. तुमचं ऐकतात ते, मत देणारी माणसं आहात.

आता माझ्या अटी. पहिली, जागा शांत हवी, हॉल नको, शाळेची मागची खोली चालेल, रविवारी दुपारी, पंखा बंद, आणि एका दिवसात वीसच माणसं. शंभर जणांची यादी करून फोटो छान येतो पण तपासणी होत नाही. तपासणारी व्यक्ती आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली ऑडिओलॉजिस्ट आहे का हे विचारा, नंबर मागा, लाजू नका, आम्हाला राग येत नाही. विक्रेता त्या दिवशी आवारात नको, नाश्ता मी देते हवं तर. आधी कानातला मळ बघितला पाहिजे, कितीतरी जणांचं निम्मं ऐकणं तिथेच अडकलेलं असतं, आणि पडदा फाटलेला किंवा कान वाहत असेल तर आधी ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर. बीपच्या जोडीला थोड्या गोंगाटात मराठी शब्द आणि वाक्यं ऐकवून बघायची, कारण आयुष्य बीपमध्ये नाही जगत कोणी. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, शिबिर एकदाच नाही. ज्यांनी मशीन घेतलंय त्यांचा संघात एक गट करा, दर पंधरा दिवसांनी तासभर बसा, नुसत्या गप्पा, एकाने बातमी वाचायची आणि दुसऱ्याने सांगायची, मग हळूच मागे रेडिओ लावून तेच करायचं, पत्ते खेळा, काही करा, पण मशीन लावून. एकाचं शिट्टी मारतंय, दुसऱ्याला सेल बदलता येत नाही, हे एकमेकांत सुटतं, त्यासाठी मला फोन लागत नाही. असे गट मी एक-दोन ठिकाणी चालताना बघितलेत आणि तिथली मशीनं ड्रॉवरमध्ये जात नाहीत.

हॉलचंही बघा जरा. फरशी, उघड्या भिंती, पत्र्याचं छत, आवाज घुमून घुमून शब्दाचा लगदा होतो, आणि मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, त्याने लगदाच मोठा होतो. जाड पडदे लावा, सतरंज्या टाका, वक्त्याला माईक तोंडाजवळ धरायला सांगा, "मला माईकची गरज नाही" म्हणणाऱ्या वक्त्याला तर हात जोडून द्याच. दिवा वक्त्याच्या तोंडावर पडू दे, ओठ दिसू दे. आभारप्रदर्शनाच्या मागे बासरी वाजवायची फॅशन बंद करा.

अजून एक, बऱ्याच संघांत आता स्मरणशक्ती तपासणी पण व्हायला लागलीय, चांगलंय, पण ती तोंडी होते, त्याच पंख्याखाली. पाच शब्द सांगतात आणि नंतर विचारतात कुठले होते. ज्याला पाचातले दोन ऐकूच आले नाहीत तो ते आठवणार कुठून, आणि मग त्याच्या कागदावर "स्मृती कमी" लिहून मोकळे. पुढे घरच्यांच्या वागण्यात जो फरक पडतो तो मला क्लिनिकमध्ये दिसतो, त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल मुलाला विचारायला लागतात. कमी ऐकणाऱ्यांसाठी अशा एका चाचणीची वाचून उत्तरं द्यायची इंग्रजी आवृत्ती निघालीय, मराठीत तसं प्रमाणित होईपर्यंत निदान एवढं करा, आधी कान तपासा, मग शांत खोलीत, मशीन लावून, समोरासमोर बसून स्मृती तपासा.

आणि बायकांना आणा. काकांना मुलं घेऊन येतात कारण काका मीटिंगला जातात, बँकेत जातात, तिथे अडतं आणि सगळ्यांना दिसतं. काकूंचं घरात अडतं, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळत नाही, दारावरची बेल ऐकू येत नाही, नातवाचं फोनवरचं बोलणं कळत नाही म्हणून फोन आजोबांकडे देतात, आणि कोणाला काही वाटतच नाही. महिला विभागाने हळदीकुंकवाला वाण म्हणून डबे वाटण्याऐवजी एकदा तपासणी ठेवली तर मी माझी फी घेणार नाही, हे लिहून देते. आणि स्नेहसंमेलनात ते बहिऱ्या सासऱ्याचं विनोदी नाटुकलं बसवता ना दरवर्षी, त्यावर हसणाऱ्या पहिल्या रांगेत बसलेल्या निम्म्या लोकांचे ऑडिओग्राम माझ्याकडे आहेत. तेवढं एक बदला यंदा.

कळावे, लोभ असावा,
तुमच्याच शिबिरांतली एक ऑडिओलॉजिस्ट

ता. क. हे सगळं हळूहळू, दोन्ही कानांत, वर्षानुवर्षं कमी होणाऱ्या ऐकण्याबद्दल आहे. एखाद्या सभासदाला एका कानाने अचानक, एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू यायचं बंद झालं, सोबत चक्कर किंवा कानात गुंई असो वा नसो, तर शिबिराची वाट बघू नका आणि कानात तेलही घालू नका. त्याच दिवशी ईएनटीकडे न्या, त्यावर स्टिरॉइडची ट्रीटमेंट असते आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितकं ऐकणं परत यायची शक्यता जास्त असते.